स्वयंपाकघरातला आरओ रीफ टँकला चालेल का?

गेल्या अंकात घरच्या रीफ टँकबद्दल, म्हणजे मासे आणि कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत मासे आणि कोरलपेक्षा पाण्याचीच चौकशी जास्त आहे, आणि मला त्याचा फार आनंद झाला. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचे, भांड्यात आधीच काय आहे ते बघा, मग त्यात काय घालायचं ते ठरवा. म्हणून या वेळचं अख्खं सदर पाण्याला दिलं आहे. पत्रं लांब होती, इथे थोडक्यात देते.

प्रश्न: आमची दोनशे लिटरची टाकी आहे. क्लाउन माशांची जोडी, थोडे झोआ, मश्रूम (दोन्ही मऊ कोरल), दोन क्लीनर कोळंब्या आणि काचेवरचं शेवाळ खायला गोगलगाई. मीठ कालवायला आणि टॉप-अपला (उडून गेलेल्या पाण्याची भर घालायला) स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो. महिन्यापूर्वी जुनं मशीन बदलून 'कॉपर'वालं नवीन घेतलं. तेव्हापासून दोन्ही कोळंब्या गेल्या, गोगलगाई तळाशी उलट्या पडलेल्या दिसतात, झोआ उघडत नाहीत. मासे मात्र मजेत आहेत. खारटपणा आणि तापमान बरोबर आहे. प्यायच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ४५ येतो. हेच पाणी आम्ही पितो, माझी मुलगी पिते. मग त्यात वाईट ते काय असणार?
(वाकड, पुणे)

उत्तर: तुमच्या मुलीला त्या पाण्यापासून काही धोका नाही. कोळंबीला आहे. मासे ठणठणीत आणि कोळंबी, गोगलगाय, झोआ या तिघांना एकदम त्रास, असं वाचलं की पहिला संशय तांब्यावर जातो. तुमच्या मशीनवर तर तसं लिहिलेलंच आहे.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम तांबं ठीक मानतं, आणि दुसरं पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. आता टाकीच्या बाजूने बघा. अंगावर पांढरे ठिपके आलेल्या समुद्री माशाला आपण वेगळ्या टाकीत तांब्याचं औषध देतो, तेव्हा लिटरला साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम तांबं राखतो. तेवढ्यात परजीवी मरतो, मासा तगतो, आणि त्या टाकीत कोळंबी किंवा कोरल ठेवायचं नाही हा पहिला नियम असतो. माणसाच्या मर्यादेच्या पुष्कळ आत असलेलं पाणी कोळंबीचा जीव घेऊ शकतं ते असं.

तांब्याचं काडतूस नसतं तरी मी तुम्हाला हे मशीन वापरू नका असंच सांगितलं असतं. घरगुती आरओमध्ये मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, निघालेलं पाणी चवीला सपक लागतं, म्हणून टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू कच्च्या पाण्याची धार त्यात परत मिसळतो. तुमचा ४५ चा आकडा बहुधा तिथूनच आला आहे. कच्च्या पाण्याबरोबर त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सगळं मागच्या दाराने आत येतं. आणखी एक गोष्ट तपासा. सर्व्हिसला येणारा मुलगा बाहेरच्या फिल्टरच्या भांड्यात काचेच्या गोट्यांसारखे पांढरे खडे टाकून जातो का? ते अँटिस्केलंट बॉल्स, म्हणजे पॉलिफॉस्फेट. मेम्ब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून ते असतात आणि ते काम चोख करतात. पण मिसळणारी धार त्या भांड्याच्या पुढून घेतलेली असेल, तर तुम्ही टाकीत थेट फॉस्फेट ओतता आहात. रीफमध्ये फॉस्फेट आपण लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवू बघतो.

आता 'आम्ही पितो' या मुद्द्याकडे येते, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात तो आहे. आपण पाणी पितो आणि ते शरीराबाहेर जातं. टाकीतून फक्त वाफ जाते. आमटी आटली की खारट लागते, तसं टॉप-अपच्या पाण्यातलं जे जे उडत नाही ते मागे साठत राहतं. तुमच्या दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडतं असं धरा. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अगदी कायदेशीर, मर्यादेतलं पाणी रोज तीन लिटर ओतलं, तर दिवसाला १३५ मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत पडतं आणि महिन्याला ४,०५० मिलिग्रॅम. दोनशे लिटरने भागा: महिन्याला लिटरमागे २० मिलिग्रॅमची भर. आणि यात माशांना अजून एक दाणाही घातलेला नाही. दर महिन्याला दहा-वीस टक्के पाणी बदलून ही भर निघत नाही, कारण बदलायचं पाणीही त्याच नळाचं असतं.

म्हणून रीफला आरओच्या पुढे डीआय लागतं. डीआय म्हणजे आयन बदलणारी रेझिन भरलेली नळी. आरओ मेम्ब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते, उरलेले रेझिन धरते आणि मीटरवर शून्य येतं. 'शून्य पाणी मेलेलं असतं' अशी भीती तुमच्या पत्रात शेवटी आहे, ती सोडा. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकी सगळं रीफ सॉल्टच्या पुडीत मोजून घातलेलं असतं. मीठ कालवताना ते पाण्यात थोडं थोडं सोडा, मिठावर पाणी ओतू नका. मिठावर पाणी ओतलं की सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि तुमचं कॅल्शियम बादलीच्या तळाशी राहतं.

नवीन युनिट घ्यायचं नसेल तर आहे त्या मशीनमधून पाणी काढता येईल. पुढचं झाकण उघडलं की मेम्ब्रेनचं पांढरं लांबट घर दिसेल. त्याच्या एका टोकाला दोन नळ्या असतात, एक वाया जाणाऱ्या पाण्याची (तिच्यावर प्रवाह आवळणारा फ्लो रिस्ट्रिक्टर, ज्याला आरओवाले एफआर म्हणतात) आणि दुसरी शुद्ध पाण्याची. या शुद्ध पाण्याच्या नळीवर, टीडीएस कंट्रोलर, कॉपरचं काडतूस आणि यूव्हीच्या आधी, एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा, त्याला छोटा बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे डीआयची नळी. मशीनची टाकी भरलेली असेल तर पंप बंदच राहील, म्हणून आधी प्यायचं पाणी काढून घ्या, पंप सुरू झाला की मग व्हॉल्व्ह उघडा. पंप सुरू झाल्यावरची पहिली पाच मिनिटं येणारं पाणी रेझिनकडे जाऊ देऊ नका. मेम्ब्रेन थांबलेली असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात आणि पहिल्या पाण्याचा टीडीएस एकदम चढलेला असतो. मीटर लावून बघा, आकडा डोळ्यांदेखत उतरतो. मशीन वॉरंटीत असेल तर हा उद्योग मात्र कंपनीला विचारूनच.

टाकीत गेलेलं तांबं काढायला शून्य टीडीएसच्या पाण्याने मोठे पाणीबदल करा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) तांबं धरणारं रेझिन व ताजा कार्बन ठेवा. तांबं लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळूतही धरलं जातं आणि नंतर थोडं थोडं सुटत राहतं, त्यामुळे नव्या कोळंबीची घाई नको. झोआ आठवडाभर नीट उघडले की आधी एकच गोगलगाय सोडून बघा.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी. टीडीएस ६२०. ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन, दाब वाढवणारा बूस्टर पंप, डीआय, सगळं वेगळं घेतलं आहे. मेम्ब्रेननंतर १८ येतात, डीआयनंतर ०. पण रंग बदलणारी रेझिन पंधरा दिवसांत तपकिरी होते. विकणारा म्हणतो मेम्ब्रेन खराब आहे. शिवाय शून्य टीडीएस असूनही वाळूवर तपकिरी थर येतो.
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मेम्ब्रेन बदलू नका. हिशोब करा: ६२० मधून १८ वजा, भागिले ६२०, म्हणजे ९७ टक्के क्षार अडले. हे उत्तम काम आहे. हा आकडा ९० च्या खाली घसरला तर मेम्ब्रेनचा किंवा तिच्या टोकाच्या ओ-रिंगचा विचार करायचा. उत्पादनही तपासा, मोजपात्र घ्या आणि एक मिनिट धरा. ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, मिनिटाला साधारण २०० मिली. थंडीत कमी आलं तर घाबरू नका, पाणी दर एक अंश सेल्सियस गार झालं की उत्पादन जवळपास तीन टक्क्यांनी घटतं.

तुमची रेझिन खाणारा चोर मीटरवर दिसत नाही, तो आहे कार्बन डायऑक्साइड. खोल बोअरच्या पाण्यात तो विरघळलेला असतो. मेम्ब्रेन आयन अडवते, विरघळलेला वायू तिच्यातून सरळ पार होतो. पुढे रेझिनमध्ये तो बायकार्बोनेट होऊन ऋण आयन धरणाऱ्या अर्ध्या भागाला चिकटतो आणि तो भाग लवकर संपतो. मिश्र रेझिनमधला दुसरा अर्धा भाग तेव्हा धडधाकट असतो, पण तुम्हाला तो त्याच्याबरोबरच फेकावा लागतो.

खात्री करायला घरातच एक चाचणी आहे. नळाचं ताजं पाणी ग्लासात घ्या, पीएच मोजा. दुसऱ्या ग्लासात तेच पाणी घेऊन एअर पंपाचा दगड सोडा आणि काही तासांनी पुन्हा मोजा. पीएच अर्ध्या-पाऊण अंकाने किंवा जास्त चढला, तर वायू भरपूर आहे. उपाय स्वस्त आहे. आरओचं पाणी थेट डीआयमध्ये न नेता आधी उघड्या ड्रममध्ये साठवा, रात्रभर एअरस्टोन चालू ठेवा, आणि सकाळी छोट्या पंपाने डीआयमधून काढा. हवा उघड्या खिडकीजवळची घ्या. दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासानेच हा वायू वाढलेला असतो. पुढच्या वेळी मिश्र रेझिनच्या आधी फक्त ऋण आयन धरणारी वेगळी नळी लावली तर खर्च आणखी उतरेल.

तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा आहे आणि तो सिलिकावर वाढतो. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, भूजल त्यातून झिरपत येताना सिलिका घेऊन येतं. टीडीएस मीटर प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजतो आणि पाण्यातली सिलिका बहुतांश आयन स्वरूपात नसतेच, म्हणून शून्य दाखवणाऱ्या पाण्यातही ती असू शकते. रेझिन संपत आली की सगळ्यात आधी तीच सुटते. पकड सगळ्यात ढिली तिचीच, मागून येणारे दांडगे आयन तिला ढकलून देतात. त्यामुळे मीटरवर १ दिसेपर्यंत थांबणं बोअरच्या पाण्याला परवडत नाही. दोन डीआय नळ्या एकापुढे एक लावा. पहिलीचा रंग पूर्ण बदलला की ती काढा, दुसरी पहिल्या जागी आणा, नवी मागे लावा. रंग खालून वर कसा चढतो त्याच्यावर स्केचपेनने तारीख लिहीत जा, तुमच्या पाण्याला रेझिन किती पुरते ते तुम्हाला कुणी विकणारा सांगू शकणार नाही.

रेझिन आम्ल आणि कॉस्टिक सोड्याने घरी पुन्हा चार्ज करता येते का, असंही तुम्ही विचारलं आहे. रसायनाच्या दृष्टीने येते. घरात मुलं असताना, फ्लॅटच्या बाल्कनीत, बादलीभर हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन हे करू नका. मी प्रयोगशाळेत भाजलेले हात पाहिले आहेत.

प्रश्न: महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस ६५ ते ७० आहे. इतकं चांगलं पाणी आरओमधून काढून तिप्पट गटारात सोडणं मनाला पटत नाही. फक्त डीआय लावलं तर?
(मुलुंड)

उत्तर: तुमच्या मनाला जे पटत नाही ते योग्यच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या भागात पिण्यासाठी आरओवर बंदी आणा असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, त्यामागे हीच चिंता होती. मुंबईला येणारं भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी पावसाचं, तलावात साठलेलं, मुळातच मऊ. पिण्यासाठी त्याला आरओ लागत नाही असं मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगते.

टाकीचं गणित वेगळं आहे, तरी ते मांडून बघू. तुमची टाकी दीडशे लिटरची. रोज दोन लिटर टॉप-अप आणि महिन्याला तीस लिटर पाणीबदल, म्हणजे महिन्याला नव्वद लिटर. आरओचं प्रमाण एकास तीन धरलं तर २७० लिटर वाया, दिवसाला नऊ लिटर. फक्त डीआय लावलं तर वाया काहीच नाही, पण रेझिनवर ७० चा भार पडतो. मेम्ब्रेननंतर तो २ असतो. रेझिन पस्तीस पट लवकर संपेल आणि संपलेली रेझिन कचऱ्यात जाईल. शिवाय पावसाळ्यात गढूळपणा वाढला की सगळा गाळ रेझिनवरच. मी आरओच लावीन आणि ते नऊ लिटर वापरीन. तुमच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस ९५ च्या आत असेल. इतक्या मऊ पाण्यात कपडे छान निघतात, झाडं खूश असतात, लादी पुसायला तर प्रश्नच नाही. फक्त त्यातलं क्लोरीन निघून गेलेलं असतं, म्हणून ते पिण्यासाठी साठवू नका. आणि पाणी वाचवायला एफआर काढू नका, क्षार धुऊन नेणारा प्रवाह थांबला की मेम्ब्रेन बुजते.

क्लोरीनवरून आठवलं, पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनचा खरा शत्रू तोच. मधला कार्बन ब्लॉक त्याच्यासाठी असतो. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते त्या आठवड्यात आरओ बंद ठेवा, आणि एरवी महिन्यातून एकदा कार्बनच्या पुढच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे) थेंब टाकून बघा. पिवळी छटा आली की कार्बन बदलायचा.

तुम्ही वरच्या मजल्यावर राहता आणि पाणी थेंब थेंब येतं, त्याचं कारण मेम्ब्रेनमध्ये शोधू नका. दहा मीटर उंचीमागे एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळाच्या चार मीटर वर असेल तर दाब अर्ध्या बारच्याही आत. मेम्ब्रेनला साडेतीन-चार बार लागतात. बूस्टर पंप घ्या, दुसरा उपाय नाही.

प्रश्न: मी नववीत आहे. आमच्याकडे समुद्र आहे आणि पाऊसही भरपूर आहे. मग मला विकतचं मीठ आणि आरओ कशाला पाहिजे? मालवणला मामा आहे, तो कोरल पण आणून देईन म्हणतो.
(रत्नागिरी)

उत्तर: तुझा प्रश्न मला फार आवडला. आधी पावसाचं. विचार बरोबर आहे, आभाळातून पडणारं पाणी जवळपास क्षारमुक्तच असतं. अडचण छपराची आहे. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर त्याचं जस्त पाण्यात उतरतं आणि जस्तही तांब्यासारखंच कोळंबी-गोगलगाईंच्या जिवावर येतं. कौलांवर शेवाळ, पानं, पक्ष्यांची घाण. तेव्हा जुलैत चांगला जोर धरला की दोन-तीन तास पडू दे, हवेतली धूळ बसू दे, मग अंगणात, झाडाखाली नव्हे, स्वच्छ प्लास्टिकचा कागद चार खुंट्यांना बांधून पाणी थेट खाण्याच्या दर्जाच्या ड्रममध्ये घे. मीटर लाव. दहाच्या आत असेल तर कार्बन आणि छोट्या डीआयमधून काढून टॉप-अपला वापर. पितळी तोटी किंवा तांब्याचं भांडं मध्ये कुठेही येऊ देऊ नकोस. झाकण लावून अंधारात ठेवलंस तर ते पाणी पुष्कळ दिवस टिकतं.

समुद्राचं पाणी पावसाळ्यात अजिबात नको, खाड्या आणि नद्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारटपणा कोसळतो. बंदरातलं तर कधीच नको, डिझेल आणि होड्यांच्या तळाला लावलेला रंग, ज्यात तांबं असतं. कोरड्या ऋतूत, पूर्ण भरतीला, खाडीपासून लांब, होडीतून आत जाऊन आणता आलं तर बारीक कापडातून गाळून अंधारात ठेव, आणि वापरण्याआधी खारटपणा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग) आसपास आहे का ते बघ. पण लक्षात घे, टॉप-अपला समुद्राचं पाणी घालायचं नाही. उडतं ते गोडं पाणी, घालायचंही गोडंच.

आता मामाचं. त्याला सांग, नको. रीफ बांधणारी कोरल, काळं कोरल, समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. एक तुकडा तोडणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून राखीव आहे. शिवाय तिथलं कोरल आधीच गाळ आणि गरम पाण्याशी झगडतं आहे, त्यातला तुकडा तुझ्या टाकीत आला तर तो तिथे कमी होईल. पहिलं वर्षभर क्लाउनची जोडी, दोन-चार गोगलगाई आणि विक्रेत्याकडचे कागदपत्रं बघून घेतलेले मश्रूम एवढंच ठेव. तुमच्या रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. तिथे जा, टाक्यांना पाणी कुठून येतं आणि कसं गाळतात ते विचार, आणि काय कळलं ते मला लिहून पाठव. पुढच्या एखाद्या अंकात तुझं पत्र छापीन.